‘पांगुळ’ या रूपकापलीकडे: सेरेब्रल पाल्सी, विकास आणि आत्मकथनाचा काळ

१

मराठी समीक्षेत अपंगत्वाचा विचार झाला तो बहुधा आशयसूत्र म्हणून किंवा प्रतीक म्हणून. कथनरूपाचा प्रश्न म्हणून तो फारसा झालेला नाही. अपंग पात्र कथेत येते तेव्हा त्याच्या व्यंगाचा ‘अर्थ’ काय, असे आपण विचारतो; त्या व्यंगामुळे कथेच्या काळाची आणि निवेदनाची रचना कशी बदलते, हे विचारत नाही. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न सेरेब्रल पाल्सीच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न आहे.

सेरेब्रल पाल्सीला मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ असा प्रतिशब्द रूढ आहे. तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. पक्षाघात म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर प्रौढ, चालता-बोलता माणूस आणि त्याच्यावर अकस्मात झालेला आघात येतो. सेरेब्रल पाल्सीत असा ‘आधीचा’ माणूस नसतो. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी, म्हणजे मेंदू घडत असतानाच, त्याला इजा पोहोचते किंवा त्याची घडण वेगळी होते, आणि हालचाल व शरीराची ठेवण यांचा विकास कायमचा बदलतो. कोणाचे स्नायू ताठरतात, कोणाच्या हालचाली स्वतःच्या इच्छेबाहेर होतात, कोणाचा तोल राहत नाही. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २ ते ३ मुलांत ही अवस्था आढळते, असे दीर्घकाळ मानले गेले आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली यावर पुस्तक लिहिले तेव्हा शीर्षकात ‘पाल्सी’ हा शब्द अनेकवचनी योजला होता. पुढे एकवचन रूढ झाले आणि अवस्थांचे अनेकत्व संज्ञेआड गेले.

या अवस्थेच्या व्याख्येतच एक कथनशास्त्रीय पेच आहे. मेंदूला झालेली इजा वाढत नाही. मूल मात्र वाढते. घटना एकदाच घडून गेली आहे, ती बहुधा कोणी पाहिलेलीही नाही, आणि तिचे कथन मात्र आयुष्यभर चालू राहते. आपल्या परंपरेने अपंग देहासाठी जी कथानके तयार ठेवली आहेत, त्यांत हा पेच मावत नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

२

या विवेचनासाठी कुर्डुवाडीचा परिसर समोर ठेवणे मला उपयुक्त वाटते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे जंक्शनचे गाव पंढरपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. या भूमीचा सांस्कृतिक अर्थच मुळी चालण्याशी बांधलेला आहे. वारी पायी करायची असते. वाट, पाऊल, चरण, पायरी हे वारकरी काव्याचे केंद्रवर्ती शब्द आहेत. जिथे चालणे हीच उपासना, तिथे न चालणाऱ्या देहाला कोणता अर्थ मिळतो?

परंपरेने याचे एक उत्तर दिले आहे, ते म्हणजे ‘पांगुळ’. पहाटे दान मागत फिरणारा पांगुळ हा आपल्या लोकसंस्कृतीतील एक उपासक. सूर्याचा सारथी अरुण हा पायांनी अधू, आणि पांगुळ त्याचा प्रतिनिधी. ज्ञानदेवांच्या नावे मिळणाऱ्या अभंगांत आणि एकनाथांच्या भारुडांत या पांगुळाचे रूपक झाले. ईश्वराच्या वाटेवर स्वतःच्या बळाने चालू न शकणारा आणि कृपेचे दान मागणारा जीव तो पांगुळ. आंधळा, मुका, बहिरा ही भारुडेही याच जातीची. रूपक म्हणून त्यांची शक्ती मोठी आहे. प्रत्येक धडधाकट श्रोत्याला ती स्वतःच्या अपुरेपणाची जाणीव देतात, ‘पांगळा तो दुसरा’ असे म्हणू देत नाहीत. या अर्थाने ती समतेची रूपके आहेत.

परंतु रूपकाची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न आहे. पांगुळाचे सोंग आणणारा स्वतः पांगळा असावा लागत नाही. सर्वांनाच पांगळे म्हटले की प्रत्यक्ष पांगळ्या माणसाची वेगळी गोष्ट ऐकण्याची गरज उरत नाही. त्याचा देह इतरांच्या आत्मबोधाचे साधन होतो. सुझन सोन्टॅग यांनी १९७८ साली आजाराच्या रूपकीकरणाविरुद्ध जो युक्तिवाद केला, त्याचा रोख असाच होता. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली पुढचा मुद्दा मांडला: कथा अपंग पात्राचा कुबडीसारखा आधार घेते, आणि काम झाले की ती कुबडी बाजूला टाकते. भारुडाला हा आक्षेप जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल, कारण तेथे सोंग हे सोंग म्हणूनच समोर येते. आधुनिक वास्तववादी कथेने मात्र सोंग सोडले आणि रूपक ठेवले.

कुर्डुवाडीच्याच इतिहासात याला छेद देणारी एक साधी वस्तुस्थिती आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंदमापी गाडी १८९७ पासून येथून बार्शीकडे धावू लागली, आणि १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली. मुख्य रुंदमापी मार्गावरून आलेला यात्रेकरू येथे उतरून छोट्या गाडीत बसे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे अरुंदमापी मार्ग रुंदमापी झाले. म्हणजे पंढरपूरला पायी न जाणाऱ्यांचाही एक मार्ग येथे शतकाहून अधिक काळ आहे. पायी न चालणारा देह विठ्ठलापर्यंत पोहोचतो तो केवळ कृपेच्या रूपकातून नव्हे. तिकीट, फलाट, जिना आणि उचलून घेणारे कोणाचे तरी हात यांतूनही तो पोहोचतो. हे दुसरे साहित्य, म्हणजे फलाटाचे आणि हातांचे, आपल्या वाचनात कितीदा दिसते?

३

रूपकाच्या जोडीला परंपरेने दिलेले दुसरे कथानक कारणाचे आहे: असे का झाले, कोणाच्या दोषाने झाले? महाभारताच्या आदिपर्वातील अरुणाची कथा येथे बारकाईने वाचावी लागते. विनतेला अंडी फुटण्याची वाट पाहवली नाही. तिने एक अंडे वेळेआधी फोडले. आतून निघालेल्या अरुणाच्या देहाचा वरचा भाग पूर्ण झाला होता, खालचा अपुरा राहिला होता. त्याने आईला दास्याचा शाप दिला. वनपर्वातील अष्टावक्राच्या कथेत दोष पित्याकडे आहे. गर्भातल्या मुलाने पित्याच्या अध्ययनातील चूक दाखवली, आणि पित्याच्या शापाने ते आठ ठिकाणी वाकडे जन्मले. शेवटी समंगा नदीच्या स्नानाने त्याचे अवयव सरळ होतात.

या दोन कथांचे शेवट वेगळे आहेत. अष्टावक्राची कथा निवारणाने संपते. अरुण बरा होत नाही. त्याला काम मिळते, तेही रथ हाकण्याचे. पायांनी अधू असलेला सारथी ही कल्पना करणाऱ्या कवीला देह आणि गती यांच्या नात्याविषयी काही वेगळे दिसले असावे. आपल्या पुढच्या कथापरंपरेने मात्र अष्टावक्राचा शेवट अधिक उचलला, आणि अरुणाच्या कथेतून उचलला तो आईचा दोष. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले म्हणून मूल व्यंगाचे झाले, ही समजूत त्याच व्याकरणातली आहे.

आधुनिक वैद्यकाचा आरंभही या व्याकरणापासून फार दूर नव्हता. लंडनचे विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली अवघड, अकाली किंवा गुदमरलेल्या जन्माचा संबंध मुलांच्या ताठरलेल्या अवयवांशी जोडला. ही अवस्था पुढे बराच काळ ‘लिटलचा रोग’ म्हणून ओळखली गेली. साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या निबंधात लिटल यांनी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा आधार घेतला: वेळेआधी, अर्धवट घडून जगात आलेला तो राजा. म्हणजे या अवस्थेच्या वैद्यकीय कथनाच्या मुळाशीच एक नाट्यसंहिता आहे, आणि त्या संहितेत व्यंग हे खलत्वाच्या जोडीने येते. लिटल यांना त्यातला जन्माचा तपशील हवा होता. परंतु कोणताही तपशील आपल्या कथेपासून संपूर्ण सुटा होऊन येत नाही.

लिटल यांच्या कारणमीमांसेवर पहिला महत्त्वाचा आक्षेप घेणारे नाव साहित्यसमीक्षेला चांगले परिचित आहे, पण वेगळ्या कारणाने. सिग्मंड फ्रॉइड मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी आणि वळत असताना मुलांच्या मेंदूविकारांचे अभ्यासक होते. १८९७ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी सुचवले की, अवघड जन्म हे कारण नसून, गर्भाच्या विकासात आधीच झालेल्या बदलाचे ते एक लक्षणही असू शकेल. ज्या घटनेपाशी कथा सुरू होते असे आपण मानतो, ती घटना आधीच्या एखाद्या न दिसणाऱ्या घटनेचा परिणाम असेल, हा तर्क त्यांच्या पुढील लेखनाच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. वैद्यकाने तो दीर्घकाळ बाजूला ठेवला. १९८६ साली कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांच्या अभ्यासाने जन्मवेळच्या गुदमरण्याने थोड्याच मुलांची अवस्था स्पष्ट होते असे दाखवले, तेव्हा फ्रॉइडच्या शंकेला नवे बळ मिळाले. जेथे प्रसूतीची आणि नवजात बालकाच्या काविळीच्या उपचाराची सोय अपुरी आहे, तेथे ही कारणे आजही महत्त्वाची आहेत. परंतु एकच क्षण, एकच चूक आणि एकच दोषी व्यक्ती असे कथानक विज्ञानाने आता बहुतांशी सोडले आहे. कुटुंबांच्या बोलण्यातून ते सुटलेले नाही, आणि त्याचा सर्वाधिक भार आईवर पडतो.

४

आता ‘विकास’ या संकल्पनेकडे वळू. वेळेच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या मुलात मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांलगतचा श्वेतद्रव्याचा भाग विशेष नाजूक असतो. पायांकडे जाणाऱ्या आज्ञांचे तंतू याच पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून अशा मुलांत हातांपेक्षा पाय अधिक ताठरतात. अरुणाच्या देहाचे वर्णन करणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, आणि त्या कथेत ‘प्राचीन विज्ञान’ शोधण्याचा मोह अभ्यासकाने टाळलाच पाहिजे. निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांत अंतर असते. अकाली जन्म आणि अधू पाय ही जोडी लोकांना दिसली असेल. तिचा अर्थ त्यांनी शापाने लावला.

पूर्ण दिवसांच्या मुलात इजेची जागा बदलते. रक्तातील काविळीचे द्रव्य अतोनात वाढले तर मेंदूच्या खोल भागातील केंद्रे बाधित होतात आणि अनैच्छिक हालचाली, कधी बहिरेपणही येते. म्हणजे इजा कोणत्या आठवड्यात झाली यावर देहाचे रूप अवलंबून असते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जन्माच्या सुमारास मेंदूचा प्रत्येक अर्धभाग शरीराच्या दोन्ही बाजूंना तंतू पाठवीत असतो. वापरातून आणि स्पर्धेतून त्याच बाजूचे बरेचसे तंतू मागे हटतात. एका अर्धभागाला इजा झाली असेल, तर दुसऱ्या अर्धभागाचे हटायचे तंतू टिकून राहतात. डाव्या अर्धभागाला लवकर इजा झाल्यास भाषा कित्येकदा उजवीकडे वस्ती करते, आणि तिने घेतलेल्या जागेची किंमत कधी कधी अवकाशाच्या आकलनाला द्यावी लागते. म्हणून मेंदूच्या घडणक्षमतेचे वर्णन केवळ ‘भरपाई’ असे करणे अपुरे आहे. मेंदू बिघडलेल्या जागी ठिगळ लावीत नाही; तो वेगळ्या रीतीने वाढतो. आणि उलट दिशेनेही, इजा स्थिर असली तरी देह स्थिर राहत नाही. वाढत्या हाडांबरोबर ताठर स्नायू आखडतात, खुबा सरकू शकतो, प्रौढपणी थकवा आणि वेदना वाढतात.

आत्मकथनाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? सोलापूरशी नाते असलेल्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे मराठीतील महत्त्वाचे आत्मकथन. त्यांना किशोरवयात पक्षाघाताने गाठले. अशा कथनाला ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी दोन दालने मिळतात. आठवण आणि हानी यांच्या ताणातून त्याला गती येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाजवळ हरवलेला देह नसतो. त्याने चालणे गमावलेले नाही. तो कधी तसा चालला नाही. त्याच्या कथनावर हानीचे कथानक लादणे म्हणजे इतरांच्या देहाची आठवण त्याच्या नावे लिहिणे होय.

दुसरा साचा ‘थांबलेल्या’ बालपणाचा. संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात लहानपणीच्या अपघातामुळे मनाने मूलच राहिलेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी साकारला. त्या भूमिकेचे मोल मान्य करूनही म्हणावे लागते की, या साच्याने प्रेक्षकाला एक सोपी समजूत दिली: मेंदूला इजा म्हणजे काळाचे थांबणे. सेरेब्रल पाल्सीविषयी बोलताना हाच साचा नकळत वापरला जातो. तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हटले जाते, आणि त्याच्याविषयीचे प्रश्न त्याच्यासमोरच आईला विचारले जातात.

याची प्रतिक्रिया म्हणून तिसरा साचा येतो, तो म्हणजे देहात कोंडलेल्या तल्लख बुद्धीचा. हा साचा सहानुभूतीचा असल्याने अधिक फसवा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काहींत बौद्धिक अक्षमता असते, काहींत नसते. उच्चार अस्पष्ट असणे हा बुद्धीविषयीचा पुरावा नव्हे, हे ठामपणे सांगितले पाहिजे. परंतु बुद्धी शाबूत असल्याचे सिद्ध झाले तरच माणूस कथेस पात्र ठरतो, हा निकष स्वीकारला तर ज्यांची बुद्धी मंद आहे त्यांना आपण दुसऱ्यांदा बाहेर काढतो.

वर्गीकरणाची ही अडचण कायद्यातही दिसते. १९९५ च्या कायद्याने सेरेब्रल पाल्सीला हाडे, सांधे व स्नायूंच्या अपंगत्वासोबत, चलनवलनाच्या अपंगत्वात बसवले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्या शेजारी ठेवले. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांची यादी केली आणि तिला पुन्हा चलनवलनाच्या गटात घेतले. ही अवस्था देहाची की मनाची, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीच्या विभागणीवर उभा आहे.

५

उरतो निवेदनाचा प्रश्न: हे आयुष्य कोण सांगतो? दलित आत्मकथनांच्या चर्चेतून मराठी समीक्षेने स्वानुभव आणि सहानुभूती यांतला भेद शिकला. सेरेब्रल पाल्सीच्या संदर्भात तो भेद आवश्यक आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. कारण येथे स्वानुभवाच्या शब्दालाही अनेकदा दुसऱ्याचा हात लागतो. डब्लिनच्या क्रिस्टी ब्राउन यांनी डाव्या पायाने लिहायला शिकून, भावांना मजकूर सांगून आणि रॉबर्ट कॉलिस या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली ‘माय लेफ्ट फूट’ (१९५४) सिद्ध केले. त्याच बालपणाला १९७० साली त्यांनी कादंबरीचे रूप दिले. ख्रिस्तोफर नोलन कपाळाला बांधलेल्या कांडीने एकेक अक्षर टंकित करीत, आणि त्या वेळी त्यांची आई त्यांचे डोके धरून असे. १९८७ सालच्या ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ या आत्मकथनात त्यांनी ‘मी’ टाळून जोसेफ मीहन या नावाने, तृतीयपुरुषी निवेदन केले. ज्याच्याविषयी आयुष्यभर इतरांनीच तृतीय पुरुषात बोलावे, त्याने तो तृतीय पुरुष आपल्या ताब्यात घ्यावा, ही केवळ शैलीची निवड नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. १९६६ साली जन्मलेल्या मालिनी चिब यांचे ‘वन लिट्ल फिंगर’ हे आत्मकथन २०११ साली प्रसिद्ध झाले. एका बोटाने टंकलेखन करणे हा शीर्षकाचा शब्दशः अर्थ. त्यांची आई मिठू अलूर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. या पुस्तकात मात करण्याच्या कथानकाला वेळोवेळी नकार आहे. अडथळा देहात किती आणि पायऱ्या, वाहने, लोकांच्या नजरा यांत किती, हा हिशेब लेखिका सतत मांडते. पण हे पुस्तक इंग्रजीत आहे, आणि त्याच्या मागे महानगर, परदेशातील शिक्षण व एका संस्थापक आईचे सामर्थ्य आहे. यात लेखिकेचा दोष नाही. प्रश्न आपल्या भाषेचा आहे. कुर्डुवाडीत वाढणारे मूल, ज्याच्या उपचारासाठी आई-वडिलांना सोलापूरची किंवा पुण्याची वाट धरावी लागते, ज्याचे अस्पष्ट बोलणे आजी किंवा बहीण पाहुण्यांना उलगडून सांगते, ते मूल ‘मी’ म्हणेल तेव्हा ते मराठीतच म्हणेल. ते ऐकण्याची तयारी आपल्या समीक्षेची आहे काय?

येथे बहिणीची भूमिका दुय्यम मानू नये. कुर्डुवाडीला दोन मापांच्या मार्गांमध्ये माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे, आणि ते काम करणारे हात होते म्हणूनच वाहतूक चाले. तसे हे उलगडून सांगणारे श्रमही संहितेचा भाग आहेत. त्यांत विपर्यासाची शक्यता आहे. बहीण आपले शब्द घालील, आई लाजिरवाणे ते गाळील. म्हणूनच अशा कथनात दुसऱ्याचा हात लपवलेला आहे की दाखवलेला, हा वाङ्मयीन मूल्याचा प्रश्न ठरतो. एकट्या, स्वयंपूर्ण निवेदकाची आपली कल्पना येथे तपासून घ्यावी लागते. कदाचित सर्वच आत्मकथनांच्या बाबतीत.

६

या विवेचनातून वाचनाच्या तीन अपेक्षा पुढे येतात. पहिली, अपंग देह दिसताच त्याचा अर्थ विचारण्यापूर्वी त्याचा दिवस विचारावा: उठणे, घास गिळणे, वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्याने थांबणे. दुसरी, कथेचा आरंभ दोषात आणि शेवट निवारणात शोधू नये. जिथे इजा स्थिर आणि माणूस वाढता आहे, तिथे कथेचा मध्यच तिचे सर्वस्व असतो. तिसरी, निवेदकाच्या आवाजात मिसळलेले इतर आवाज ऐकावेत आणि त्यांच्यातील सत्तेचे नाते उघड करावे.

‘पांगुळ’ हे रूपक टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. ते आपल्या भाषेच्या धार्मिक जाणिवेचा मौलिक भाग आहे. परंतु त्या रूपकाने सातशे वर्षे ज्या देहाकडून उसने घेतले, त्या देहाने आता स्वतःचा हिशेब मागितला तर ते भाषेवरचे संकट समजू नये. अरुणाच्या कथेत एक तपशील आपण फार काळ दुर्लक्षिला: सूर्य उगवण्यापूर्वी जो दिसतो तो तोच. त्याचे पाय नसणे कथेने सांगून टाकले आहे. रथ हाकताना त्याला काय दिसते, हे मात्र त्याच्याकडून ऐकायचे राहिले आहे.